‘त्रिंकोमाली’चे नकाशे

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल बंदरात ‘त्रिंकोमाली’ नावाची एक लाकडी युद्धनौका आहे. ब्रिटनमध्ये पाण्यावर तरंगत असलेली ह्याहून जुनी युद्धनौका दुसरी नाही. ती घडली मात्र मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून, जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा घरापासून दूर गेलेल्या ह्या मुंबईकरणीची कथा आम्हांस प्रथम आठवली.

जुनी नौका पुन्हा उभी करावयाची तर लाकडाआधी कागद शोधावे लागतात. ह्या नौकेचे कागद तर ती जन्मास येण्यापूर्वीच एकदा नष्ट झाले होते. १८१२ साली ब्रिटिश नौदलाने तिची मागणी नोंदविली आणि नकाशे ‘जावा’ ह्या युद्धनौकेवरून मुंबईस धाडले. मुंबईत बांधल्या जाणाऱ्या नौकांसाठी तांबेही त्याच नौकेवर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’स गाठून तिची चाळण केली. स्वतःचे मोडलेले सुकाणूचक्र बदलण्यासाठी ‘जावा’चे चक्र तेवढे अमेरिकनांनी काढून घेतले, असे सांगतात, बाकीची नौका पेटवून दिली. नकाशे आणि तांबे दोन्ही गेले.

आमची सारी नोकरी सरकारी नस्त्यांत गेली असल्यामुळे येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. लंडनच्या कचेरीत मूळ रेखाटने शाबूत होती, म्हणूनच नकाशांचा दुसरा संच मुंबईस पाठविता आला. कार्यालयीन प्रतीची थट्टा करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे! ती रेखाटने तरी अस्सल इंग्रजी कोठे होती? १७८२ साली पकडलेल्या ‘हेबे’ ह्या फ्रेंच नौकेवरून तो घाट उचललेला होता.

मे १८१६ मध्ये काम सुरू झाले. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी नौकेच्या कण्यात रुप्याचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. त्यानंतर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली; आणि २१ डिसेंबरला महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनानी सर थॉमस हिस्लॉप हा त्याच ‘जावा’वर मुंबईच्या सेनापतिपदावर रुजू होण्यास निघालेला असताना अमेरिकनांच्या हाती सापडला होता. नकाशे बुडाले, हिस्लॉप सुटून आला. इतिहासाने उलट केले असते तर बरे झाले असते, असे आमच्यासारख्या मराठी माणसास वाटल्यास नवल नाही.

१८१९ मध्ये नौका पोर्ट्समथला पोहोचली, तोवर नेपोलियनची युद्धे संपली होती. पाव शतकाहून अधिक काळ ती नुसती नांगरून पडली. १८४५ पासून तिच्या तोफा कमी करून अधिक भारी बसविण्यात आल्या, पिछाडीचा आकार बदलला. मग सुमारे दहा वर्षे तिने अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत सेवा केली. पुढे ती प्रशिक्षणनौका म्हणून १८६२ पासून काही वर्षे हार्टलपूललाच होती. १८९७ मध्ये मोडीत विकली गेली असता व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी तिला वाचविले; परंतु त्यांची नेल्सनची ‘फूद्रुवायां’ वादळात फुटली होती, तिचे नाव त्यांनी हिला दिले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे मुंबईची ही लेक दुसरीच्या नावाने वावरली.

१९८७ मध्ये तिला तराफ्यावर घालून हार्टलपूलला आणले. तेथे ‘वॉरियर’ ह्या लोखंडी युद्धनौकेची पुनर्घडण त्याच वर्षी पुरी झाली होती. ‘वॉरियर’च्या मूळ तोफा दुर्मिळ असल्याने सापडलेल्या मोजक्या तोफांवरून साचे काढून प्रतिकृती ओतल्या गेल्या होत्या. असा हात बसलेले कारागीर ‘त्रिंकोमाली’स लाभले. अशा कामात नकाशा एक सांगतो आणि लाकूड दुसरेच. १८१७ ची बांधणी, १८४५ चे फेरफार, प्रशिक्षणासाठी मागाहून घातलेल्या भिंती हे सारे एकमेकांवर चढलेले. कोणती फळी मूळची हे खिळ्यांच्या जुन्या भोकांवरून आणि तुळयांच्या खाचांवरून ताडावे लागते. १९९० मध्ये आरंभलेले काम २००१ मध्ये संपले. १९९२ मध्ये तिचे मूळ नाव तिला परत मिळाले होते. इतक्या दुरुस्तीनंतरही तिच्या सांगाड्यातील साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मुंबईतच बसविलेले आहे.

१९५५ साली रतनजी अर्देशीर वाडिया ह्यांनी मुंबईच्या गोदीचा व आपल्या कुलाचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला, म्हणून उस्तादांची नावे आपणांस ठाऊक आहेत. ज्या सुतारांनी ते सागवान तासले, त्यांची नावे मात्र आम्ही चाळलेल्या एकाही पुस्तकात नाहीत. आपल्यापैकी कुणाच्या घरी गोदीत काम केलेल्या पणजोबांची एखादी वही, एखादा जुना दाखला ट्रंकेच्या तळाशी असेल, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथालयात एकवार दाखवावा, ही विनंती. ‘जावा’स बुडविणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ही अद्याप बोस्टनच्या बंदरात तरंगत आहे.