सांधेरोपणातील रक्तस्राव व रक्तसंक्रमण

गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत व तिच्यानंतर होणारी रक्तहानी आणि ती भरून काढण्याचे उपाय. कापलेल्या हाडातून रक्त झिरपत राहते. त्यातील बराच भाग सांध्याभोवतीच्या ऊतींत साचतो, म्हणून बाहेर दिसते त्याहून हानी अधिक असते. हिमोग्लोबिन पुढील दोन-तीन दिवस उतरत जाते. ते साधारणतः ८ ग्रॅमखाली गेल्यास किंवा धाप, चक्कर, छातीत दुखणे अशी लक्षणे दिसल्यास रक्त देतात; एका पिशवीने ते सुमारे १ ग्रॅम वाढते. जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६२ मध्ये पुढे आणलेल्या ट्रानेक्सामिक आम्ल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधामुळे रक्त देण्याची गरज पुष्कळ घटली आहे.

आधीच्या तयारीनेही ही गरज कमी होते. पुणे जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. या ऊसपट्ट्यात शेतात राबून गुडघे झिजलेल्या वयस्क स्त्रियांच्या रक्ताची तपासणी तिथे शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच व्हावी. रक्तक्षय आढळल्यास लोह देऊन तो आधी भरून काढणे हिताचे.

रक्त द्यावे लागलेच, तर रक्तगटाची खात्री हवी. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट साध्या चाचणीत ‘ओ’ भासतो. अशा रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते. त्यामुळे जुळणी चाचणी कधीही टाळू नये.