कंपवाताच्या गोळीची गोष्ट



आमच्या गटाच्या वहीत माझ्या सासूबाईंच्या सह्या आहेत. पहिल्या पानांवर सही रकाना भरून, ऐटीत. पुढे ती बारीक होत गेली, शेवटी मुंगीएवढी. वही दर महिन्याला माझ्याच हातात असायची, तरी मला ते दिसलं नाही. त्यांचा चेहराही हसेना झाला. आम्ही म्हणायचो, आत्याबाई रुसल्यात. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. तोवर दोन वर्षं गेली होती. आजार निघाला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. अक्षर बारीक होणं, चेहऱ्यावरचे भाव जाणं, ही त्याचीच लक्षणं.

हे नाव लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांवरून पडलं. १८१७ साली त्यांनी सहा माणसांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काही नुसते रस्त्यात भेटलेले, एकाला तर लांबूनच पाहिलेलं! बघायची नजर असली की लांबूनही दिसतं. मला घरात दिसलं नाही.

औषध मिळायला पुढे दीडशे वर्षं लागली, आणि त्या वाटेवर आपल्या ओळखीच्या दोन वनस्पती भेटतात. पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली दाखवून दिलं, की तिने रक्तदाब उतरतो. तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं, तर ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा दिलं, तर उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. शरीर लेव्होडोपाचं डोपामिन करतं, आणि कंपवातात मेंदूत त्याचाच तुटवडा पडतो. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. कोटझियास यांनी लेव्होडोपा थोडं थोडं वाढवत नेलं आणि रुग्ण चालू लागले. आजही मुख्य गोळी तीच.

दुसरी वनस्पती खाजकुहिली. हो, तीच, बांधावरची, अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा करणारी. तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं. मद्रासच्या दोन संशोधकांनी १९३७ सालीच ते वेगळं काढलं होतं. म्हणून बिया कुटून देऊ नका बरं. कुठल्या बीत किती, ते आपल्याला मोजता येत नाही, आणि गोळीवर बी म्हणजे दुप्पट मात्रा.

गोळीने आजार मुळापासून जात नाही, पण हालचाल सुटते. ती ठरल्या वेळीच द्यायची, जमल्यास जेवणाआधी अर्धा तास; डाळ-दुधासोबत घेतली तर काहींना कमी लागू पडते. मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने जिवावर बेतू शकतं.

सांभाळणारीलाही कुणीतरी लागतं. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ साली रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी संस्था सुरू केली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. जालन्यात मला जवळचा म्हणजे आपला गटच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आला आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी जरूर करा.

आमची बैठक आधी दहाला असायची. आता अकराला असते. आत्याबाईंची गोळी दहाची, ती लागू पडायला तेवढा वेळ जातो. सही त्या स्वतःच करतात, आणि वही मी त्यांच्यापुढून ओढून घेत नाही.