दुखण्याची तारीख

गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल शरीरात अन्यत्र वाढू लागले, की त्या रोगास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बहुधा तो ओटीपोटातच राहतो. क्वचित मात्र बेंबी, सिझेरियनचा व्रण, फार काय, फुप्फुसातही आढळतो. अशा ठिकाणी तो ओळखावा कसा?

१८८६ मध्ये व्हिलार या फ्रेंच वैद्याने बेंबीवरील अशा गाठीचे वर्णन केले. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९२७ मध्ये अमेरिकेतील सॅम्प्सन यांनी पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात उतरते, असा सिद्धान्त मांडला; पण दूरच्या अवयवांतील रोग तेवढ्याने उलगडेना. १९५८ मध्ये मॉरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या छातीत हवा शिरून उजवे फुप्फुस वारंवार मिटे, आणि तेही पाळीच्याच सुमारास! छाती उघडल्यावर श्वासपटलावर हा रोग सापडला. माग दाखविला तो तारखेने.

आज आतले चित्र दाखविणारी यंत्रे आहेत. पेशी तपासून खात्री करता येते. तरी संशयाचा पहिला धागा बहुधा तारीखच देते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातून बायका ऊसतोडीला जातात. मुक्काम बदलला की डॉक्टरही बदलतो. खोकल्यातून रक्त पडले की क्षयाची तपासणी व्हावी, हे योग्यच. पण ते दरमहा पाळीतच पडते काय, हे कोणी विचारीत नाही, आणि संकोचापायी ती सांगत नाही. ज्या गोष्टीला आपण विटाळ म्हणून घराबाहेर बसविले, तिच्यातच निदानाची किल्ली होती. दुखण्याची तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना निःसंकोच सांगावी. घरच्यांनीही ती ऐकून घ्यावी.