जून, कार्ल

(१९५३– ). अमेरिकन वैद्यक व प्रतिरक्षावैज्ञानिक. रुग्णाच्याच रक्तातील टी–लसीका कोशिकांमध्ये शरीराबाहेर जीन (आनुवंशिक घटक) घालून त्यांच्याकडून कर्करोगाच्या कोशिकांचा नाश करवून घेण्याच्या उपचारपद्धतीबद्दल ते विशेष प्रसिद्ध आहेत. ही पद्धती ‘कार–टी चिकित्सा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

जून यांनी १९७५ मध्ये ॲनापोलिस येथील नौसेना अकादमीची पदवी घेतली आणि १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यक महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जिनीव्हा येथे त्यांनी हिवतापाच्या प्रतिरक्षेचा अभ्यास केला. पुढे सिॲटल येथील फ्रेड हचिन्सन केंद्रात अस्थिमज्जारोपणाचे शिक्षण घेतले. रक्ताच्या कर्करोगात दात्याच्या मज्जेबरोबर आलेल्या लसीका कोशिका रुग्णाच्या शरीरातील उरलेल्या कर्क कोशिका मारतात, हे त्या काळी तेथे दिसून येत होते. नौसेनेच्या सेवेत बेथेस्डा येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत मात्र त्यांच्याकडे कर्करोग नव्हे, तर एड्सचा व्हायरस हा विषय आला. वरवर पाहता ही वाट आडवळणाची वाटते; पण पुढील यशाचे मूळ याच वाटेवर आहे.

टी–लसीका कोशिका यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात व व्हायरसाने ग्रासलेल्या किंवा परक्या कोशिकांना ओळखून मारतात. कर्क कोशिका शरीरातूनच निपजलेल्या असल्यामुळे त्या पुष्कळदा या ओळखीतून निसटतात. उलट प्रतिपिंडे हे प्रथिन रेणू प्रतिजनाला नेमके चिकटतात. परंतु टी–कोशिकेइतके मारक सामर्थ्य त्यांच्या अंगी नसते. प्रतिपिंडाची नेमकी ओळख आणि टी–कोशिकेची मारकता एकाच ग्राहीत (कोशिकेच्या पृष्ठावरील ग्रहण करणाऱ्या रेणूत) जोडावी, ही कल्पना प्रथम जपानमध्ये योशिकाझू कुरोसावा यांच्या गटाने १९८७ मध्ये आणि तिच्याशी संबंध नसताना इझ्राएलमधील वाइझमान संस्थेत झेलिग एशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. अशा जोडग्राहीस ग्रीक पुराणातील सिंह, बोकड व सर्प यांच्या संमिश्र प्राण्यावरून काइमेरिक ग्राही म्हणतात. आपल्याकडील नरसिंहाची आठवण येथे अनेकांना होईल.

कल्पना सुबक होती, पण सुमारे वीस वर्षे ती रुग्णाच्या फारशी उपयोगी पडली नाही. ग्राही असलेल्या कोशिका परीक्षानळीत कर्क कोशिका मारीत, परंतु शरीरात सोडल्यावर थोड्याच काळात नाहीशा होत. अडचण अशी की, टी–कोशिकेला कामास लावण्यासाठी एकच संकेत पुरत नाही. प्रतिजनाच्या ओळखीबरोबर दुसरा, साहाय्यक संकेत मिळाला नाही, तर ती कोशिका निष्क्रिय होते वा मरते. सीडी–२८ हा पृष्ठरेणू असा दुसरा संकेत देतो, हे दाखविणाऱ्यांत जून हे एक होते. ब्रूस लेव्हाइन यांच्या साहाय्याने त्यांनी १९९० नंतरच्या काळात चुंबकीय सूक्ष्म मणी वापरण्याची पद्धत बसविली. या मण्यांवर दोन्ही संकेत देणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. मण्यांच्या सान्निध्यात टी–कोशिका झपाट्याने वाढतात आणि काम झाल्यावर चुंबकाने मणी काढून घेता येतात. एड्सच्या रुग्णांच्या कोशिका वाढविण्यासाठी योजिलेली ही युक्ती पुढे जशीच्या तशी कर्करोगात उपयोगी पडली. ग्राहीच्या रचनेचे कौतुक पुष्कळ होते, संवर्धनाच्या या कामाचे त्या मानाने कमी होते. वस्तुतः जून यांचे खरे वैशिष्ट्य यातच आहे.

१९९९ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. त्यांची पत्नी २००१ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगाने निवर्तली. तिच्या आजारपणात या रोगाकडे त्यांचे लक्ष अधिकाधिक वळले होते. एड्सच्या व्हायरसातील रोगकारक भाग काढून टाकून केलेले वाहक मानवात प्रथम वापरण्याचे श्रेयही त्यांच्या गटाकडे जाते. असा वाहक टी–कोशिकेत इच्छित जीन कायमची रोवतो. दरम्यान ग्राहीच्या पुच्छभागातच साहाय्यक संकेत समाविष्ट करण्याचे प्रयत्न इतरत्र यशस्वी झाले होते. न्यूयॉर्क येथे मिशेल सादलें यांनी सीडी–२८ चा भाग वापरून २००२ मध्ये, तर मेंफिस येथे दारिओ काम्पाना यांनी ४–१बीबी या रेणूचा भाग वापरून २००४ मध्ये अशा ग्राही वर्णिल्या. जून यांनी काम्पाना यांची रचना पुढे नेली. तिच्या करारावरून दोन संस्थांत न्यायालयीन वाद झाला व तो २०१५ मध्ये तडजोडीने मिटला.

लक्ष्य म्हणून सीडी–१९ हा प्रतिजन निवडण्यात आला. तो बी–लसीका कोशिकांवर आणि त्यांच्यापासून उद्‌भवणाऱ्या कर्क कोशिकांवर असतो. इतर ऊतकांवर नसतो. उपचारात निरोगी बी–कोशिकाही मरतात, पण प्रतिपिंडे बाहेरून देऊन ती उणीव भरून काढता येते. लक्ष्याची निवड किती नाजूक असते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका घटनेवरून दिसते. बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत दुसऱ्या प्रतिजनावर रोखलेल्या कोशिका दिलेल्या एका रुग्णाला काही मिनिटांतच श्वसनाचा त्रास सुरू झाला व पाच दिवसांनी मृत्यू आला. तो प्रतिजन फुप्फुसातही अल्प प्रमाणात होता. त्याच संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने सीडी–१९ रोखून एका लसीकार्बुदाच्या रुग्णात अर्बुद आकसल्याचे त्याच वर्षी कळविले.

पेनसिल्व्हेनियातील पहिली चाचणी २०१० मध्ये चिरकारी लसीका श्वेतकोशिकार्बुद (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) झालेल्या तीन रुग्णांवर झाली. पैसा एका धर्मादाय प्रतिष्ठानाचा होता, आणि तो संपल्यामुळे चाचणी तिघांवरच थांबली. तिघांपैकी दोघांचा रोग पूर्णपणे मागे हटला. दिलेल्या कोशिका शरीरात हजारपटींहून अधिक वाढल्या आणि प्रत्येक कोशिकेने सरासरीने निदान हजार कर्क कोशिका मारल्या, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतरही त्या कोशिका या दोघांच्या रक्तात सापडल्या, असे २०२२ मध्ये जाहीर करण्यात आले. औषध दिले की ते शरीरातून निघून जाते. येथे औषधच जिवंत राहून पहारा करीत होते.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एप्रिल २०१२ मध्ये, स्टीफन ग्रुप यांच्या देखरेखीखाली, तीव्र श्वेतकोशिकार्बुदाच्या सहा वर्षांच्या एका मुलीला या कोशिका देण्यात आल्या. तिला कडक ताप चढला, रक्तदाब घसरला आणि कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागले. रक्ततपासणीत इंटरल्यूकिन–६ हे सायटोकाइन (कोशिकांदरम्यान संदेश पोहोचविणारे प्रथिन) सुमारे हजारपट वाढलेले आढळले. हा पदार्थ रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी निघालेले होते. कुटुंबातील एका व्यक्तीच्या संधिवातामुळे जून यांना ते माहीत होते. ते दिल्यावर काही तासांतच प्रकृतीला उतार पडला आणि पुढे अस्थिमज्जेत कर्करोग दिसेनासा झाला. दहा वर्षांनंतरही ती रोगमुक्त होती. ती मुलगी दगावती, तर चाचणी बंद पडती, असे जून यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्याच वर्षी नोव्हार्टिस या औषधकंपनीने विद्यापीठाशी करार केला. तिसाजेनलेक्ल्यूसेल या नावाने हा उपचार ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत मान्य झाला. जनुकीय फेरफार केलेल्या टी–कोशिकांचा तो पहिला मान्य उपचार होय. टोसिलिझुमॅबलाही त्याच दिवशी या उपद्रवासाठी मान्यता मिळाली. मुले व तरुण अशा ७५ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांत शेकडा ८१ जणांचा रोग मागे हटल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. काही रुग्णांत कर्क कोशिका सीडी–१९ टाकून देतात व रोग उलटतो. एका रुग्णाच्या बाबतीत तर कोशिका तयार करताना ग्राहीची जीन एका कर्क कोशिकेतच शिरली. तिच्यावरील सीडी–१९ झाकला गेला आणि तिच्याच वंशातून रोग पुन्हा बळावला. उपचारानंतर क्वचित टी–कोशिकांचाच कर्करोग उद्‌भवल्याच्या नोंदींमुळे अमेरिकन शासनाने २०२४ मध्ये धोक्याची सूचना छापण्यास सांगितले. स्तन, फुप्फुस, आतडे इ. अवयवांच्या घन अर्बुदांत या पद्धतीला रक्ताच्या कर्करोगासारखे यश आलेले नाही. तेथे निरोगी ऊतकांवर नसलेले लक्ष्यच सहसा सापडत नाही. उलट जर्मनीत एर्लांगेन येथे गेऑर्ख शेट यांनी ल्यूपस या आत्मप्रतिरक्षेच्या विकारात ती यशस्वीपणे वापरली (२०२१–२२).

सर्वांत मोठी अडचण किंमतीची आहे. औषध प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच रक्तातून स्वतंत्रपणे तयार करावे लागते. अमेरिकेत प्रारंभी ती किंमत ४,७५,००० डॉलर ठेवण्यात आली होती. म्हणजे भारतातील बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने हा उपचार नसल्यातच जमा होता. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांबरोबर सीडी–१९ वर रोखलेली स्वतंत्र ग्राही बनविली व वाहकही येथेच तयार केला. नवी मुंबईत खारघर येथील टाटा केंद्राच्या संशोधन रुग्णालयात पहिल्या रुग्णाला २०२१ मध्ये या कोशिका देण्यात आल्या. ‘नेक्सकार–१९’ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी तिला मान्यता दिली. तेव्हा तिची किंमत सुमारे ३० ते ४० लाख रुपये सांगण्यात आली. ती परदेशाच्या मानाने फार कमी आहे, तथापि सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरच म्हणावी लागेल. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासता आलेल्यांपैकी शेकडा ७३ जणांना गुण आला, मात्र अनेकांत तो काही महिनेच टिकला.

जून यांना सादलें यांच्याबरोबर २०२४ चा ब्रेकथ्रू पुरस्कार जीवविज्ञानासाठी विभागून देण्यात आला.