निरगुडीचे गाव

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई उटणे लावी. त्यातला तो थंड, मातकट वास नागरमोथ्याचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातल्या गवताची गाठ. उटण्यातला वाळाही ओलाव्याच्या काठी वाढणारा, आणि बाळंतिणीच्या पाण्यातला निरगुडीचा पाला ओढ्याकाठचाच. आपल्या घरातले कितीतरी सुवास असे नदीकाठावरून आलेले आहेत.

हे आठवण्याचे कारण आंबेगाव तालुक्यातले निरगुडसर. या गावाच्या नावातच निरगुडी आहे. 'सर' म्हणजे तळे असे धरून मी माझ्यापुरता अर्थ लावतो : निरगुडीच्या काठचे पाणी. भाषापंडित हरकत घेतील, तर घेवोत! परंतु मी त्या परिसरात नदीवर गेलो, तेव्हा निरगुडी दिसली नाही आणि पाणीही दिसले नाही. काठाला बेशरम माजली होती, आणि बंधाऱ्यामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत जलपर्णी पसरली होती.

ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसांनीच तिला देशोदेशी नेले. फ्लॉरिडाच्या नद्यांत तिने बोटी अडवल्या, तेव्हा १८९९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ती हटवण्याचे काम सैन्याच्या इंजिनिअरांकडे दिले. बंगालमध्ये तिने भातखाचरे आणि नावांच्या वाटा बुजवल्या. १९२१ साली तिथे समिती नेमली गेली. अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. १९३६ साली कायदाही झाला. पुढे १९८० नंतरच्या दशकात तिच्या मायदेशचे भुंगेरे आणून बंगळूरच्या तळ्यांत सोडण्यात आले. या साऱ्या इतिहासात एकच प्रश्न पुनःपुन्हा दिसतो : काढायची कशी? काढल्यावर त्या जागी काय, हे फार थोड्यांनी विचारले.

आपल्या खोऱ्याची कथा याहून वेगळी नाही. कुकडी प्रकल्पात घोडनदीवर डिंभे आणि मीनेवर वडज ही धरणे झाली. खाली बंधारे आले. त्या पाण्याने शेते पिकली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण अडलेल्या संथ पाण्यात गावांचे सांडपाणी आणि शेतांतले खत उतरले, आणि जलपर्णीला आयती पंगत मिळाली. इकडे नांगर काठापर्यंत आला. जुनी झुडपे गेली.

काठावर एक म्हातारबाबा बैल धूत होते. मी विचारले, "ही काढत नाहीत का?"

"काढत्यात की, पाव्हणं," ते म्हणाले. "पण रिकाम्या घरात कुणी ना कुणी घुसणारच!"

वनस्पतिशास्त्राचा अर्धा धडा त्या एका वाक्यात आला. जलपर्णीचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. म्हणून ती फुलण्याआधी काढावी, काठापासून दूर नेऊन तिचे खत करावे. काठावरच कुजली, तर तिचाच रस पुन्हा पाण्यात उतरतो. सांडपाणी अडवावे. आणि मग घराला घरधनी द्यावा : पाण्याच्या कडेला लव्हाळा, खडकाळ वाहत्या पात्रात शेरणी, ओल्या काठाला वाळा आणि वाळुंज, वर निरगुडी, करंज, उंबर, जांभूळ. यांची मुळे माती धरतात, वाहून येणारे खत वाटेतच शोषतात. झाडांची सावली पडली की उन्हाची भुकेली जलपर्णी कडेला तरी हटते. पाणकणीस आपलेच, पण सांडपाण्यावर तेही माजते. त्याला बेताने जागा द्यावी. एवढे करूनही वर्षानुवर्षे राखण चुकत नाही.

तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचा गुरू केले, ते पुरात टिकणारे लव्हाळे रोज डोळ्यांसमोर होते म्हणून. काठच उजाड झाला, तर आपली मुले ती उपमा पाठ करतील. तिचा अर्थ त्यांना दिसणार नाही.

निरगुडीची फांदी ओल्या मातीत खोचली तरी सहज रुजते. पूर ओसरल्यावर दिवाळीत काठाची माती ओलीच असते. उटणे लावून, फराळ करून एखाद्या सकाळी मुलांना घेऊन नदीवर जावे, आणि गावाला त्याच्या नावातले झाड परत द्यावे.