गोठवलेल्या वंशाची गोष्ट

कुत्र्यांच्या कृत्रिम रेतनाला मी दुय्यम काम मानत नाही, कारण या शास्त्राची सुरुवातच कुत्रीपासून झाली. १७८० साली इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे प्राध्यापक, धर्मगुरू लाझारो स्पालान्झानी यांनी माजावर आलेल्या, कोंडून ठेवलेल्या कुत्रीला पिचकारीने वीर्य दिलं. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. बर्फाच्या गारव्यात शुक्राणू निश्चल होतात, हेही त्यांनी पाहिलं होतं.

निश्चल करणं सोपं, पुन्हा जागवणं अवघड. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशीची वाट लावतात. १९४९ मध्ये इंग्लंडच्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या शुक्राणूंवर ग्लिसरॉलचा उपाय दाखवला. त्याचा लाभ आधी गाईगुरांना झाला. उरुळी कांचनच्या ‘बायफ’ संस्थेमुळे गोठवलेलं वीर्य ठेवायचं द्रव नायट्रोजनचं पात्र आपल्या गोठ्यांपर्यंत आलं. कुत्र्याच्या गोठवलेल्या वीर्यापासून पिल्लं झाल्याची नोंद अमेरिकेत स्टीफन सीगर यांनी १९६९ मध्ये केली.

आजही कृती तीच: अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल घातलेलं द्रावण, अर्ध्या मिलिलिटरची बारीक कांडी, उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. ३७ अंशांच्या पाण्यात कांडीतलं वीर्य वितळलं की शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली वळवळू लागतात, पण ते फार काळ तग धरत नाहीत. कुत्रीचं बीज मात्र सुटल्यावर दोनेक दिवसांनी पक्व होतं. म्हणून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासूनच मी रेतनाची वेळ ठरवतो.

आपल्या देशी कारवान जातीच्या कुत्र्यांचे निरोगी वंशही असेच वीर्य गोठवून जपायला हवेत.