धारूरच्या वाटेवर एक बार

परळीहून बीडकडे जाताना सिरसाळ्यात चहाला थांबलात, तर समोर दिसतं ते सगळं आधी पुसून टाका. डांबर, टपऱ्या, उसाच्या ट्रॉल्या, सगळं. 1760 चा जानेवारी सरत आलाय. शाळू हुरड्यात आहे, पहाटेची थंडी अजून हाडांतून गेलेली नाही आणि तुमच्या खांद्यावर जवळजवळ तुमच्याच उंचीची तोड्याची बंदूक आहे.

चाप ओढला की आवाज, धूर आणि भोवतालच्यांची वाहवा, एवढीच तुमची कल्पना. पण चिंचेखाली घोंगडी टाकून बसलेला म्हातारा बरकंदाज तुमच्या डाव्या हाताकडे बघतोय. हातात तोडा आहे, शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. टोकाला निखारा धुमसतोय.

"पेटता तोडा घेऊन शिंगड्यापाशी काय करायलास रे? सर तिकडं!"

तुम्ही सरता. तोडा दहा पावलं लांब दगडावर ठेवून परत येता, तेव्हा तो बोलायला लागतो. शिंगड्यातली दारू थेट नळीत ओतायची नाही. मागच्या बाराची ठिणगी आत जिवंत असली, तर शिंगडा हातातच फुटायचा. आधी बांबूच्या मापात, मग मापातून नळीत. त्यावर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि मग गज. गज आपटायचा नाही, एकसारखा दाबत न्यायचा. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटते. गजावर त्याने चाकूने एक खाच पाडून ठेवली आहे. ती नळीच्या तोंडाशी आली की गोळी तळाला बसली म्हणायचं.

आता कानाशी चिमूटभर रंजक. इकडेतिकडे सांडलेले कण फुंकून टाकायचे. तोडा आणून घोड्यात अडकवायचा, निखाऱ्यावर फुंकर मारून तो लाल करायचा, मग नेम धरायचा. पन्नास पावलांवर बांधावर फुटकं मडकं ठेवलंय.

चाप ओढता. आधी गालाजवळ फस्स होतं, आणि मध्ये एक क्षण असा जातो की बार फुसका निघाला असं वाटतं. याच क्षणी नवशिका बंदूक खाली करतो. तुम्हीही करणार, तेवढ्यात "हलू नगंस!" असा आवाज येतो आणि बार उडतो. डोळ्यांपुढे पांढरा लोट, नाकात सडक्या अंड्याचा वास. धूर सरतो. मडकं जागेवर आहे. शाळवावरची पाखरं मात्र शिवार सोडून गेलीत, म्हणजे राखणीच्या हिशेबाने नेम लागलाच.

अजून काही बार काढल्यावर गोळी अर्ध्यातच अडायला लागते. म्हातारा बंदूक काढून घेतो. "बास. दारू फुकट येत न्हाई."

फुकट येत नाहीच, आणि या आठवड्यात तर विकतही मिळणं कठीण. मावळतीला, दिवसभराच्या चालीवर, बालाघाटाच्या रांगेत धारूरचा किल्ला आहे. तिथे निजामाची काही हजार फौज थांबलीय आणि त्यांना गाठायला खुद्द निजाम सलाबतजंग आणि त्याचा धाकटा भाऊ निजामअली उदगीरच्या बाजूने निघालेत. पाठीवर सदाशिवरावभाऊ. भाऊंबरोबर इब्राहिमखान गारदी, त्याच्या तोफा आणि कवायती पलटणी. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 3 फेब्रुवारीला निजामाच्या फौजेची वाट कापली जाईल आणि तहात साठ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे येईल. मार्चमध्ये भाऊ परतुराहून उत्तरेकडे निघतील आणि 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर भाऊ पडतील, आणि पकडला गेलेला इब्राहिमखानही पुढे मारला जाईल. हे म्हाताऱ्याला सांगावं असं जिभेवर येतं. पण त्याचं लक्ष तुमच्या नळीत. आत करंगळी घालून त्याने बाहेर काढलीय, ती कोळशासारखी काळी.

खरं काम इथून पुढे. जळलेल्या दारूचा अर्ध्याहून अधिक भाग वायू होतच नाही, क्षार म्हणून उरतो. बराचसा धुराबरोबर जातो, उरलेला नळीला चिकटतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि रातोरात लोखंड खायला लागतो. हा क्षार तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघतो. म्हणून चुलीवर हंडा चढतो. कानात काडीची खुंटी मारायची, नळीत कढत पाणी ओतायचं, तोंडावर अंगठ्याने चिंधी दाबून हलवायचं, ओतून द्यायचं. पहिलं पाणी शाईसारखं आणि त्याच सडक्या वासाचं. दुसरं राखाडी. पाणी नितळ येईपर्यंत सुटका नाही. कढत पाण्याने नळीही तापते, त्यामुळे उरलेली ओल आपोआप उडते. मग गजाला कोरड्या चिंध्या, कानात साखळीला अडकवलेली सुई, आणि शेवटी बकऱ्याच्या चरबीचा हात. तुम्ही करडईच्या तेलाची बुधली पुढे करता तर म्हातारा हसतो. ते वाळून चिकटतं. जवसाचंही तसंच, पण ते दस्त्याच्या लाकडाला उत्तम, वाळतं म्हणूनच.

या कामाचा कंटाळा बादशहालाही होता. सोळा नळ्या एकदम साफ करणारं, जनावर जुंपून फिरवायचं चाक अकबराने काढल्याचं आइन-ए-अकबरीत नोंदलंय. लढायांच्या बखरी लिहिणाऱ्यांनी या धुण्याला एक ओळही दिली नाही, याचा मला जरा रागच आहे.

आजच्या काळातही ही हौस मेलेली नाही. जागतिक स्पर्धांत 'तानेगाशिमा' नावाच्या प्रकारात 50 मीटरवर उभ्याने तोड्याची बंदूक चालवतात आणि संध्याकाळी तीच माणसं बादलीभर पाण्यापुढे बसतात. आपल्याकडे हौसेला कायदा आडवा येतो, पिकाला येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे आणि कोकणात अशा बंदुका अजून घराघरांत आढळतात. तिथे तोड्याच्या जागी घोड्याच्या ठोक्याने पेटणारी टोपी आली, धुणं तेच राहिलं.

तुम्ही बंदूक भिंतीला टेकवून उठता. काम झालं असं वाटतं.

"कुठं चाललास? सकाळी पुन्हा कोरडी चिंधी फिरीव. तांबूस निघाली तर हंडा परत चढीव."

"आणि नाही निघाली तर?"

"परवा बघ."